संध्याकाळच्या पॅसेंजरने येणारं सॉफ्टवेअर

फोन घरीच ठेवा. दोनशेची नोटही काढून ठेवा, ती छापायला अजून दहा वर्षं आहेत. दहा-दहाच्या नोटा, एक रुमाल आणि पाण्याची बाटली एवढं सामान पुष्कळ झालं. जून २००७ सरत आलाय, आभाळ भरून येतं आणि कोरडंच पांगतं, आणि तुम्ही पॅसेंजरच्या दारात दांडीला धरून उभे आहात. ज्या स्टेशनातून निघालात त्याच्या पाटीवर औरंगाबाद लिहिलेलं होतं. दौलताबाद मागे पडलं, पोटूळही गेलं. आत शिरायला जागा नाही. पायाशी दुधाचे रिकामे कॅन खडखडतायत, पाठीला कुणाच्या तरी बियाण्याच्या पिशवीचा कोपरा टोचतोय, आणि दाराची दांडी इतकी तापलीय की हात बदलत राहावं लागतं. गाडी हळू झाली की मागचे लोक ढकलायला लागतील. ढकलू द्या. उतरायचंय इथेच, लासूर स्टेशन.

फलाटावर पाय टेकला की आधी वास येतो. कांद्याचा. गोण्यांतल्या, ट्रॉल्यांतल्या, उन्हात तापून घाम सुटलेल्या कांद्याचा उग्र, गोडसर वास, आणि त्यात डिझेलचा धूर. जुनं लासूर शिवनेच्या काठी, दाक्षायणी देवीच्या पायाशी. हे गाव मात्र रुळांमुळे उभं राहिलं आणि त्याने नावातच स्टेशन घेतलं. रस्त्यावर ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर, हमालांची ओरड, चहाच्या टपरीवर पितळी पातेल्यात उकळणारा चहा, कृषी सेवा केंद्रांपुढे कापसाच्या बियाण्यासाठी खोळंबलेले शेतकरी. याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेत आयफोन नावाची वस्तू विक्रीला येणार आहे. इथे ज्याच्या-त्याच्या खिशात नोकिया अकराशे आहे, आणि त्याच्या टॉर्चवर लोकांचा जीव आहे, कारण दिवसाचे कितीतरी तास वीज नसते.

आपल्याला जायचंय त्या जिन्यावर, कीटकनाशकाच्या वासाच्या दुकानाशेजारून वर. पाटीवर एका रांगेत सगळं लिहिलंय: इंटरनेट, झेरॉक्स, लग्नपत्रिका, एमएससीआयटीचे फॉर्म. चपला दाराबाहेर काढा. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही असा इथला दंडक आहे, म्हणून दारात पंचवीस-तीस जोड पडलेत आणि आत पाय फरशीवर टेकले की बरं वाटतं. पडदा बाजूला केला की कूलरची ओली हवा तोंडावर येते, आणि तिच्यामागून तापलेल्या पिक्चर ट्यूबचा तो धुळकट, किंचित जळका वास, जो तुम्ही विसरलात असं तुम्हाला वाटत होतं. मॉनिटरच्या काचेजवळ हात न्या. अंगावरचे केस उभे राहतात ना? चार मशिनं आहेत, प्लायवूडच्या खोपट्यांतून मांडलेली. कीबोर्डवरची ‘ए’ आणि ‘एस’ ही अक्षरं झिजून गेलीत. माउस उलटा करून आतली गोळी काढायची, बोटाच्या नखाने दांड्यांवरचा मळ खरवडायचा, गोळी परत बसवायची, हे तुम्हाला न सांगताच करावं लागेल. मालकांना सगळे भाऊ म्हणतात, तुम्हीही म्हणा. ते रजिस्टरमध्ये तुमचं नाव आणि वेळ लिहितील. तासाला वीस रुपये.

पण आत्ता तुम्हाला मशिन मिळणार नाही. आज दहावीचा निकाल आहे.

खोलीत जेवढे लोक मावतात त्याच्या तिप्पट आत आहेत आणि उरलेले जिन्यावर. घामाचा, खोबरेल तेलाचा, पावडरचा वास एकत्र झालाय. मुलांच्या हातात हॉलतिकिटं, मुलींच्या मागे त्यांचे मामा, कुणाच्या आजीला कुणीतरी स्टुलावर बसवलंय. एकाच मशिनवर नेट जोडलंय. भाऊ माउस धरून बसलेत, आणि मोडेम बोलायला लागतो. आधी फोनचा डायल टोन, मग आकड्यांची टिकटिक, मग ती किंचाळी, ती घरघर, दोन वेळा टुंग, आणि शेवटी नुसता खरखराट. सगळी खोली गप्प होते. एवढ्या गर्दीत एखाद्या यंत्राचं ऐकून घेण्यासाठी माणसं श्वास रोखून उभी राहिलेली तुम्ही पुन्हा कधी पाहिली नसतील. लागलं! असं कुणीतरी ओरडतं आणि गर्दी एका पावलाने पुढे सरकते. तुमची छाती समोरच्याच्या पाठीला टेकते.

बोर्डाचं पान उघडायला लागतं. वरची निळी पट्टी येते, थांबते. चित्राची जागा आधी रिकामी चौकट म्हणून येते. मग खालच्या दुकानात कुणीतरी सहज रिसीव्हर उचलतं, लाइन एकच, आणि सगळं तुटतं. जिन्यावरून चारपाच आवाज एकदम खाली जातात: “ओ, फोन ठेवा!” पुन्हा किंचाळी, पुन्हा घरघर. नंबर मोठ्याने सांगितला जातो, भाऊ तो दोनदा म्हणून दाखवतात, आणि मग जे व्हायचं ते व्हायला अर्धं मिनिट जातं. “एकाहत्तर टक्के!” हे ज्याचं त्याच्या आधी मागच्या रांगेतल्याला दिसतं. त्याच्या मामाने त्याला उचललाय. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कर्रकर्र करत कागद बाहेर ढकलतो, पाच रुपये, आणि पुढचा नंबर. एक मुलगा निकाल कळल्यावर काहीच बोलत नाही, गर्दी त्याला वाट करून देते, भाऊ त्याचे पाच रुपये घेत नाहीत.

लासूरात इंटरनेट आलं ते असं, खांद्याला खांदा लावून बघायची गोष्ट म्हणून. इथे एका मशिनसमोर एक माणूस बसलेला मी क्वचित पाहिलाय. एकाच्या हातात माउस, दुसरा वाचून दाखवणारा, तिसरा “आता एंटर दाब” म्हणणारा. पासवर्ड टाकताना मात्र सगळे मान वळवतात, ती रीत पक्की पाळली जाते.

निकाल संपता संपता वीज जाते. कुणाला नवल वाटत नाही, भारनियमनाचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं आहे. यूपीएस टीं-टीं करायला लागतात, कूलर घुंई करत थांबतो, आणि दोन मिनिटांत खोलीची भट्टी होते. भाऊंच्या इन्व्हर्टरवर दोन मशिनं आणि एक पंखा एवढंच चालतं. त्यातलं एक मशिन लग्नपत्रिकांचं, त्याला हात लावायचा नाही. त्याच्या मागे एक छोटं कुलूप लावलंय, डोंगल म्हणतात त्याला. ते काढलं की श्रीलिपी बंद. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं हे सॉफ्टवेअर महाराष्ट्रातल्या गावोगावच्या छापखान्यांत बसलंय, आणि लासूरातल्या पत्रिका, हळदीकुंकवाची निमंत्रणं, श्रद्धांजलीचे फलक याच्यातूनच बाहेर पडतात. पडद्यावर मराठी सुरेख दिसते. पण तीच पत्रिका मजकूर म्हणून मेलने औरंगाबादच्या भाचीला पाठवून बघा. तिच्याकडे तो फॉन्ट नाही, म्हणून तिला दिसणार इंग्रजी अक्षरं, टिंबं, डॉलरची चिन्हं, कंस. आतून ती मराठी नव्हतीच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले होते, आणि प्रत्येक कंपनीने ते आपापल्या मर्जीने बसवले होते. वर्तमानपत्रांच्या साइटींचीही तीच तऱ्हा: एकाचा फॉन्ट उतरवून घेतला तरी दुसऱ्याचा पेपर वाचता येत नाही. आपली भाषा कागदावर होती आणि तारेतून जाताना मोडून पडत होती. याचा मला त्या वेळी फार त्रास होत असे, आणि आज त्याचा कुणाला पत्ताही नाही याचं मनापासून बरं वाटतं.

बाहेर जाऊन बाकावर बसा. चहा मागवा, कपापेक्षा बशीतला लवकर निवतो. भजी घ्या, मिरचीसकट. बाजूला बसलेल्या पोरांच्या गप्पा कानावर येतीलच. एक जण म्हणतोय विनॲम्पसारखा प्लेअर नाही, दुसरा व्हीएलसीचा भक्त आहे, कारण व्हीएलसी म्हणजे काहीही टाका, चालतं. याहूवर रात्री कोण भेटलं, त्याने बझ करून खिडकी कशी गदगदा हलवली. ऑर्कुटवर कुणाचे किती स्क्रॅप झाले. टेस्टिमोनियल लिहून दे म्हणून एक जण दुसऱ्याला आठवडाभर विनवतोय आणि तो भाव खातोय. सगळं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, ज्याला हवं तसं. “कसा आहेस” हे दोन शब्दांचं वाक्य पाच जण पाच तऱ्हांनी लिहितात आणि सगळ्यांना कळतं. ऑर्कुटवरचे स्क्रॅप कुणीही वाचावेत असे उघडे असतात, आणि गावातल्या बाकावर वाढलेल्या या पोरांना त्यात काहीच वावगं वाटत नाही. बोलणं चौघांत करायचं असतं, हे त्यांना ऑर्कुटच्या आधीपासून माहीत आहे.

आता कान रुळांकडे लावा. संध्याकाळची पॅसेंजर येतेय.

हिच्यातून औरंगाबादला शिकणारी पोरं परत येतात. कुणी देवगिरी कॉलेजचा, कुणी शासकीय अभियांत्रिकीचा, खिशात मासिक पास. त्यातल्या एकाच्या गळ्यात दोरीला पेनड्राइव्ह लटकतोय, एक जीबीचा, आणि तो शर्टाच्या बाहेर आहे. असायलाच हवा. दप्तरात सीडींचं पाकीट आहे, प्रत्येकीवर मार्करने लिहिलेलं. त्याच्या वर्गमित्राकडे शहरात ब्रॉडबँड आहे. बीएसएनएलच्या डेटावनचा एक प्लॅन असा आहे की रात्री दोन ते सकाळी आठ कितीही उतरवा, मोजदाद नाही. म्हणून तिकडे एक पोरगा गजर लावून दोनला उठतो, डाउनलोड लावतो, आठच्या आत बंद करतो, आणि वर्गात डुलक्या काढतो. त्याने रात्री उतरवलेलं इकडे संध्याकाळी पॅसेंजरने येतं. फायरफॉक्सचं सेटअप सहा एमबीच्या आतबाहेर. भाऊंच्या मोडेमवर सेकंदाला चार केबी मिळाले तर पंचवीस मिनिटं, तीही खाली कुणी फोन उचलला नाही तर. पॅसेंजर त्यापेक्षा भरवशाची. सातशे एमबीची सीडी दप्तरात टाकून आणणारा हा पोरगा त्या दिवशी लासूरातली सगळ्यात वेगवान लाइन आहे.

वीज आलीय. वर चला. पोरगा मशिनपाशी जातो, पेनड्राइव्ह लावतो, आणि तुमच्यासाठी फायरफॉक्स उघडतो. खिडकी उघडते आणि खाडकन बंद होते. एक चौकट येते: मोझिलाबद्दल माझा राग नाही, पण इंटरनेट एक्स्प्लोररच वापर, नाहीतर बघ. मोडक्या इंग्रजीत. तो चमकतो. बरं, एक्स्प्लोरर उघडतो, ऑर्कुट टाइप करतो. तेही बंद. नवी चौकट: ऑर्कुटवर बंदी आहे, मूर्खा. आणि पुढे मोठ्या अक्षरांत खलनायकाचं हसू: मुहाहाहा.

खोलीत क्षणभर शांतता आणि मग एकच कल्ला. कुणी म्हणतं सरकारने बंद केलं. कुणी म्हणतं पोलीस येतील. एक जण हळूच चपला शोधायला लागतो. भाऊ गल्ल्यावरून उठून येतात. तुम्ही पुढच्या काळातून आलात, तुम्हाला ठाऊक आहे की हा त्या उन्हाळ्यात देशभर पेनड्राइव्हवरून फिरलेला किडा आहे. पण बोलू नका. बघा. या पोराला जे येतं ते बघण्यासाठीच तर आपण आलोय.

तो पेनड्राइव्ह काढून बाजूला ठेवतो, त्याच्याकडे असा बघतो की जणू त्याने फितुरी केलीय. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट. टास्क मॅनेजर उघडतो आणि तो बोटाने एकेक ओळ वाचत खाली जातो. “हे बघा भाऊ. एसव्हीसीहोस्ट पाच-सहा आहेत. ते असतातच. पण त्यांच्यापुढे सिस्टीम लिहिलेलं असतं, नाहीतर नेटवर्क सर्व्हिस. या एकापुढे तुमच्या मशिनचं युजरनेम आहे. हाच चोर.” तो त्याला मारतो. मग सी ड्राइव्हवर हीप एकेचाळीस ए नावाचं लपलेलं फोल्डर, मग रजिस्ट्रीत तेच नाव शोधून पुसणं. रजिस्ट्री उघडल्यावर मागचे सगळे अर्धं पाऊल मागे सरतात. ती उघडली की मशिन मरतं अशी इथे समजूत आहे. घाम त्याच्या कानशिलावरून ओघळतोय. तो फायरफॉक्स उघडतो. उघडतं. ऑर्कुट उघडतं.

यानंतर तो जे करतो ते मला त्या दुरुस्तीहून मोठं वाटतं. तो वहीतून एक पान फाडतो, पायऱ्या एक ते पाच अशा मराठीत लिहितो, आणि डिंकाने मशिनच्या वर भिंतीला चिकटवतो. “उद्या मी नसलो तर.” उरलेल्या तीन मशिनांना तो हात लावत नाही. त्यांतलं पहिलं मशिन आठवीतल्या एका मुलीला करायला लावतो, कागद बघून. ती ओळ बोटाने वाचते, युजरनेम सापडतं तेव्हा “हाच!” म्हणून ओरडते. या खोलीतलं सगळं सॉफ्टवेअर शिक्षण असंच झालं. पुस्तकं इंग्रजीत, क्लास फक्त सर्टिफिकेटपुरता, आणि ज्याला आलं त्याने पुढच्याला सांगायचं. ते न सांगणारे मी पाहिले नाहीत असं नाही, पण गावात त्यांना फार मान नव्हता.

भाऊ वैतागलेत. व्हायरस येतो, मशिन फॉरमॅट करा, पुन्हा येतो. पोरगा दप्तरातून एक पाकीट काढतो. पुठ्ठ्याचं, तपकिरी-केशरी, वर हात धरलेली माणसं. उबुंटू. हातात घ्या, हुंगून बघा, नव्या छपाईचा वास आहे. ही सीडी पोस्टाने आलीय, परदेशी पाकिटातून, थेट लासूर स्टेशनच्या पत्त्यावर, आणि तिचे पैसे पडले नाहीत. दक्षिण आफ्रिकेचे मार्क शटलवर्थ यांची कॅनॉनिकल कंपनी जगात कुणीही मागितल्या तर या सीडी फुकट पाठवते, टपालखर्चही तीच सोसते. शिपइट नाव आहे त्या योजनेचं. पोस्टमनने हे पाकीट देताना चार प्रश्न विचारले असतील यात शंका नाही. या खोलीतली बाकी सगळी सॉफ्टवेअरं कुणाची तरी कॉपी आहेत, मार्करने सीरियल नंबर लिहिलेल्या सीडीवरून आलेली. त्यात कुणाला चोरी वाटत नव्हती, कारण विकत घेणं ही शक्यताच कुणाला माहीत नव्हती. पण या पुठ्ठ्यावर छापलं होतं की ही दुसऱ्याला द्या, हवी तेवढी कॉपी करा. ते वाचून पोराचा आवाज बदलतो. या गावात आपण हक्काने वापरू शकतो असं हे पहिलंच सॉफ्टवेअर त्याच्या हाती आलंय.

सीडी आत जाते, ड्राइव्ह घुमायला लागतो. दोनशे छप्पन्न एमबी रॅम. लाकडी-तपकिरी पडदा यायला इतका वेळ लागतो की भाऊ मध्ये दोन झेरॉक्स काढून येतात. येतो तेव्हा खोली “आं” करते. व्हायरसची भीती नाही, विंडोजला धक्का नाही, सीडी काढली की जैसे थे. मग कुणीतरी म्हणतं, गाणं लाव. गाणं लागत नाही. एमपीथ्रीसाठी लागणारा तुकडा सीडीत नसतो, तो नेटवरून उतरवायचा. मग नेट लाव. नेट लागत नाही, कारण मशिनच्या पोटातला मोडेम विंडोजच्या सॉफ्टवेअरवरच चालणारा, इकडे तो मुका. गाण्याला नेट हवं आणि नेटला विंडोज हवं. पोराचा चेहरा पडतो. भाऊ त्याच्या पाठीवर थाप मारतात आणि सीडी त्याच्या हातात न देता गल्ल्याच्या खणात ठेवतात. “राहू दे. कधीतरी लागेल.” असली हजारो पाकिटं देशभरच्या खणांत पडून राहिली. ती वाया गेली असं म्हणायला मी तयार नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी आपल्याला पत्ता विचारला होता, हे ज्या पोरांनी अनुभवलं ती पुढे वेगळ्या हिमतीने मशिनला हात लावायला शिकली.

एवढ्यात गर्दी ओसरलीय. कोपऱ्यातल्या स्टुलावर एक गुरुजी बसलेले तुम्हाला आता दिसतील. पांढरा सदरा, धोतर, मांडीवर छत्री. दुपारी नातवाचा निकाल बघायला आले होते, नातू पेढे आणायला गेला तो मित्रांत रमला. गुरुजी सगळं बघत बसलेत. ते विचारतात, “बाळ, यात मराठी वाचायला मिळतं का काही?”

पोरगा एक साइट उघडतो. पानभर चौकोन. रिकामे, एकसारखे, ओळीमागून ओळ चौकोन. मागे त्याने नुसता मंगल फॉन्ट आणून टाकला होता एका मशिनवर, तेव्हा अक्षरं आली, पण जोडाक्षरं फुटलेली आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागून आलेली. गुरुजींना ते दाखवायची त्याची हिंमत नाही. आज तो नीट करायचं ठरवतो. कंट्रोल पॅनल, रीजनल अँड लँग्वेज, भाषांचं पान, आणि तिथली एक छोटी चौकट, जी या गावात आजवर कुणी टिचकावलेली नाही. टिचकावली की मशिन एक्सपीची सीडी मागतं. भाऊ पाकिटं उपसतात. तिसऱ्या सीडीला मशिन मान डोलावतं. फायली उतरतात. रीस्टार्ट. पुन्हा मोडेमची किंचाळी, पुन्हा घरघर.

पान येतं. मराठी. वेलांट्या जागच्या जागी, क्ष आणि ज्ञ शाबूत. फॉन्ट कुठलाही असो, आत अक्षर म्हणून अक्षर साठवलेलं आहे, युनिकोडात, आणि ते भाचीकडेही असंच दिसेल. गुरुजी चष्मा वर-खाली करून वाचतात. हे मनोगत आहे, २००४ पासून चालू. इथे लिहिता लिहिता रोमन कळांतून देवनागरी उमटते आणि शुद्धलेखन तपासायची सोयही आहे. हे ऐकून गुरुजींनी पोराकडे प्रथमच आदराने पाहिलं. मग मायबोली. १९९६ साली, भारतात घरोघरी मोडेम पोचायच्या कितीतरी आधी, अमेरिकेतल्या मराठी माणसांनी मांडलेला हा फड. इथे गुलमोहरात कविता येतात, दिवाळीला अंक निघतो, कुणी पुरणाचं प्रमाण विचारतं आणि तीन खंडांतून उत्तरं येतात. “हे लिहितात ते कोण? मास्तर, लेखक?” “नाही गुरुजी. इंजिनिअर, डॉक्टर, घरी असणाऱ्या बायका. कुणीपण.” “आणि पैसे?” “कुणी देत नाही, कुणी घेत नाही.”

मग विकिपीडिया. मराठीतला, २००३ च्या महाराष्ट्र दिनी सुरू झालेला. पोरगा एका नदीचं पान उघडतो. गुरुजी मोठ्याने वाचायला लागतात, शाळेत वाचायचे तसे, आणि तिसऱ्या ओळीला अडतात. “नदि? ऱ्हस्व?” त्यांचा हात आपोआप खिशाकडे जातो, लाल पेनाकडे. “हे चुकलंय. कुणाला कळवायचं?”

“कुणालाच नाही. वरती संपादन लिहिलंय बघा. तुम्हीच दुरुस्त करा.”

“मी?”

“तुम्ही.”

“परवानगी?”

“लागत नाही.”

खोलीतले सगळे पुन्हा मागे जमलेत. तुम्हीही वाका, गुरुजींच्या सदऱ्याला निळीचा आणि उन्हाचा वास आहे. पोरगा बरहा चालू करतो, फुकट मिळणारं, कन्नडसाठी शेषाद्रिवासू यांनी बनवलेलं आणि पुढे मराठीलाही जोडलेलं. नियम सोपा: साधा टी म्हणजे त, कॅपिटल टी म्हणजे ट, साधा आय ऱ्हस्व, कॅपिटल आय दीर्घ. गुरुजी एका बोटाने कळ शोधतात. चाळीस वर्षं खडू धरलेलं बोट कीबोर्डवर चाचपडतंय आणि आठवीतली ती मुलगी “डावीकडे, गुरुजी, डावीकडे” म्हणतेय. जुना शब्द पुसला. एन, ए, डी, आणि शिफ्ट धरून आय. नदी. पान जतन करा. घरघर. सेकंदाला चार केबी.

पान परत येतं. नदी, दीर्घ.

“आता हे इथेच दिसेल?”

“सगळीकडे. पुण्यात, मुंबईत, अमेरिकेत.”

गुरुजी काही बोलत नाहीत. ते पुढची ओळ वाचायला लागतात. तिच्यातही एक अनुस्वार राहिलाय. तोही दिला. मग एक परिच्छेद असा लागला की त्यात क्रियापदच नव्हतं. नातू पेढे घेऊन जिन्यात उभा आहे, “आजोबा, चला ना,” आणि आजोबा हाताने त्याला थांब म्हणतायत. पेढ्यांचा पुडा मागच्यांच्या हातून फिरतो, तुमच्या वाट्यालाही अर्धा येतो, तुपकट, वेलदोड्याचा. भाऊ रजिस्टर बघतात, घड्याळ बघतात. “गुरुजी, टाइम झाला. आठला वीज जाणार.”

गुरुजींनी सदऱ्याच्या खिशातून दहाची नोट काढून गल्ल्यावर ठेवली. “अजून अर्धा तास लिही,” ते म्हणाले, आणि तुमच्याकडे वळून: “तुम्ही जरा सरका. उजेड येऊ द्या.”